ऑइल पॅनला पॅकिंग की सिलिकॉन? दोन गाड्यांवरचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. ऑइल पॅन म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल साठवणारं भांडं. पत्र्याच्या ऑइल पॅनला मोल्डेड रबरी गॅस्केट (म्हणजे तयार पॅकिंग) आणि ओतीव ॲल्युमिनियमच्या पॅनला सीलंट (म्हणजे नळीतून लावायचं सिलिकॉन), या मताला मी आलो आहे. घरातल्या दोन गाड्यांचे पॅन मी स्वतःच खाली घेऊन एकेका पद्धतीने बसवले आणि आज दोन्ही गाड्यांखालची फरशी कोरडी आहे. तेवढ्यावरून दोन्ही पद्धती सारख्याच चांगल्या म्हणता आलं असतं. पण मधल्या काळात दोन्ही पॅन पुन्हा एकदा उतरवायची वेळ आली आणि खरा फरक तेव्हा कळला.

जुन्या गाडीचा पॅन दाबून बनवलेल्या पातळ पत्र्याचा आहे. त्याला मुळात कॉर्कचं पॅकिंग होतं. कॉर्क वर्षानुवर्षं तेल आणि उष्णता सोसून आक्रसतं, कडक होतं आणि शेवटी बिस्किटासारखं मोडतं. दुसऱ्या गाडीचा पॅन जाड, ओतीव ॲल्युमिनियमचा. त्याच्या पार्ट्सच्या यादीत गॅस्केट नावाची वस्तूच नाही, कारण कारखान्यातच तो सीलंट लावून बसवलेला असतो. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये एफआयपीजी (जागेवरच तयार होणारं गॅस्केट) म्हणून जे येतं किंवा होंडाचं होंडाबॉण्ड, ते याच कामासाठी. अशा पॅनला बाजारातून कापून आणलेलं कागदी पॅकिंग घालू नये. दोन पृष्ठभागांमध्ये पॅकिंगची जाडी धरलेलीच नसते. काही इंजिनांत तर पॅन गिअरबॉक्सलाही बोल्ट केलेला असतो, तिथे पॅन अर्धा मिलिमीटर खाली सरकला तरी मागचे बोल्ट ओढाताण करतात.

पॅन खोलण्याआधी तेल नक्की तिथूनच येतंय का हे बघाच. तेल वरून ओघळत येतं आणि पॅनच्या कडेवर जमतं, त्यामुळे दोष बहुतेक वेळा पॅनच्या माथी येतो. माझ्या जुन्या गाडीत व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंगही झिरपत होतं. इंजिन धुऊन, तेलात यूव्ही डाय (अतिनील उजेडात चमकणारा रंग) टाकून, थोडी गाडी चालवून मग यूव्ही बॅटरीने बघितलं तेव्हा दोन्ही वाटा वेगळ्या दिसल्या. ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची सीट, ड्रेन बोल्टचा वॉशर, मागचं क्रँक सील हेही संशयित धरायचे. आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साठणारे वायू बाहेर ओढणारी झडप) चोंदला असेल तर क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतला, दाब कुठूनतरी वाट काढणारच, तुम्ही कितीही महागडं सीलंट लावा.

आता पत्र्याच्या पॅनबद्दल, कारण बहुतेकांचं काम तिथेच फसतं. पॅन उलटा करून कडेवर सरळ पट्टी ठेवली की बोल्टच्या प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर आलेला दिसतो. आधीच्या कुणीतरी गळती थांबावी म्हणून बोल्ट आवळत नेलेले असतात, त्याने भोकाभोवतीचा पत्रा इंजिनच्या दिशेने ओढला जातो. मग दोन बोल्टच्या मधल्या भागात फट राहते आणि तेल तिथूनच येतं, बोल्टपाशी येत नाही. माझ्या पॅनवर पट्टीखालून उजेड सरळ आरपार दिसत होता. उपाय सोपा आहे. फुगवटा वर येईल असा पॅन लाकडी ठोकळ्यावर धरायचा आणि एकेक भोक हातोडीने हलक्या हाताने ठोकून सपाट करायचं, मध्येमध्ये पट्टी लावून बघायचं. हे न करता कुठलंही पॅकिंग घातलं तरी पैसे वाया.

मी घेतलेलं गॅस्केट सिलिकॉन रबराचं, आत स्टीलचा गाभा असलेलं आणि बोल्टच्या भोकांत धातूच्या बुशी असलेलं होतं. बुशीमुळे बोल्ट एका हद्दीनंतर रबर दाबूच शकत नाही. एम६ (६ मिलिमीटर आट्यांच्या) बोल्टना साधारण ८ ते १२ न्यूटन मीटर टॉर्क सांगितलेला असतो, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. तो किती कमी आहे हे हाताला पटत नाही, म्हणून छोटा टॉर्क रेंच हवाच. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, आलटूनपालटून आणि दोन-तीन फेऱ्यांत आवळायचं.

रबरी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन फासायची सवय अनेक मेकॅनिकांना आहे. मला ती मुळीच पटत नाही. ओलं सिलिकॉन वंगणासारखं वागतं, बोल्ट आवळताना पॅकिंग जागेवरून बाहेर सरकतं आणि कोपऱ्यात पिळवटतं. सीलंट फक्त तीन भाग जिथे एकत्र येतात तिथे हवं: टायमिंग कव्हर आणि ब्लॉकचा सांधा, मागच्या सीलच्या पट्टीचा किंवा बेअरिंग कॅपचा सांधा. तिथे वाटाण्याएवढा ठिपका पुरे.

ॲल्युमिनियमच्या पॅनचं काम वेगळ्या जातीचं. तिथलं सीलंट म्हणजे आरटीव्ही (खोलीच्या तापमानाला पक्कं होणारं) सिलिकॉन, ते हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं. वरची साय काही मिनिटांत धरते, आतपर्यंत घट्ट व्हायला मात्र साधारण २४ तास लागतात, हवा कोरडी आणि थंड असेल तर जास्तच. म्हणून सीलंटची धार लावली की नळीवर दिलेल्या मिनिटांत पॅन चढवावा लागतो, साय धरल्यावर बसवलेला पॅन चिकटत नाही. धार ३ ते ५ मिलिमीटरची, अखंड आणि बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जाड लावू नका. आत पिळून आलेले सिलिकॉनचे लोळे तुटून पडले तर थेट ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात, आणि जाळी चोंदली की गळतीपेक्षा फार मोठं बिल हातात येतं. व्हिनेगरसारखा वास मारणारं साधं सिलिकॉनही टाळा. ते पक्कं होताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, ते धातूला आणि सेन्सरला बरं नाही. नळीवर सेन्सर-सेफ आणि तेलाला टिकणारं असं लिहिलेलं बघून घ्या.

सीलंटचा मोठा शत्रू वरून टपकणारं तेल. ब्लॉकच्या आतल्या भिंतींवरून तेल तासन्‌तास उतरत राहतं. कड पुसून चकचकीत करावी आणि वळून सीलंटची नळी उचलेपर्यंत पुन्हा थेंब हजर. मी गाडी रात्रभर तशीच निथळत ठेवली आणि धार पॅनच्याच कडेवर लावली, ब्लॉकची कड शेवटच्या क्षणी क्लीनरच्या फडक्याने पुसली. दोन एम६ बोल्टची डोकी कापून ते गाइड म्हणून ब्लॉकमध्ये फिरवून ठेवले होते, त्यामुळे पॅन सरळ वर गेला, धार कुठे फासली नाही. पाठीवर झोपून एकट्याने हे काम करणाऱ्याला या दोन गाइडचं मोल कळेल. गॅस्केटच्या बाबतीत ही एवढी धावपळ नसते, तेलाचा पातळ थर राहिला तरी ते निभावून नेतं.

आता पुन्हा उघडण्याची गोष्ट. जुन्या गाडीच्या ड्रेन बोल्टचे आटे गेले, म्हणून पॅन खाली घ्यावा लागला. बोल्ट काढले, एक टपली मारली, पॅन हातात. गॅस्केट लवचिक होतं, कुठे चीर नव्हती. आटे दुरुस्त करून तेच परत घातलं आणि अजून कोरडं आहे. मागच्या सांध्यापाशी थोडी धूळ चिकटलेली दिसते, म्हणजे तिथे ओल असणार, पण थेंब धरत नाही. त्यावर नजर आहे, एवढंच.

दुसऱ्या गाडीत गरम इंजिनवर, आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकू लागला. ऑइल प्रेशर गेजने तपासल्यावर संशय पिकअप पाइपच्या (पॅनमधलं तेल पंपाकडे नेणाऱ्या नळीच्या) ओ-रिंगवर गेला, ती कडक झाली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो. सगळे बोल्ट काढून झाले तरी पॅन जागचा हलला नाही. कडेला पटाशी लावण्यासाठी मुद्दाम सोडलेल्या खाचा असतात, तिथूनच उचकटायचं आणि मध्ये पातळ पातं घालून हळूहळू कापत जायचं. स्क्रूड्रायव्हर घुसवला तर मऊ ॲल्युमिनियमला ओरखडा पडतो आणि तोच पुढच्या गळतीचा रस्ता होतो. पॅन सुटला तेव्हा सीलंट दोन्ही कडांवर सारखंच चिकटलेलं आणि मधोमध फाटलेलं होतं. एका बाजूने अख्खी पट्टी सुटून आली असती तर तिथे पकडच नव्हती असा अर्थ झाला असता. सील म्हणून दहापैकी दहा गुण द्यायला माझी हरकत नाही.

पण ते साफ करणं! प्लॅस्टिकचं स्क्रॅपर, क्लीनर, पुन्हा स्क्रॅपर. ओ-रिंग बदलायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ दोन कडा खरवडण्यात गेला. ड्रिलला लावायच्या खरखरीत चकत्यांचा मोह होतो, पण त्यातली ॲल्युमिनियम ऑक्साइडची कणी इंजिनात गेली तर बेअरिंग खाते. ब्लॉकच्या कडेवर तर चकती लावूच नका.

ॲनएरोबिक सीलंटबद्दल काही जण विचारतात. ते हवा नसताना, धातूच्या संपर्कात पक्कं होतं आणि मशीन केलेल्या, ताठ, अगदी कमी फटीच्या जोडांसाठी चांगलं आहे. पत्र्याच्या पॅनला निरुपयोगी.

सारखं उघडझाप करायची सवय असलेल्या माझ्यासारख्याला गॅस्केट सोयीचं, पण माझ्या ॲल्युमिनियमच्या पॅनला तो पर्यायच नाही, त्यामुळे तिथे सीलंटच पुन्हा लावलं आणि रात्रभर तेल न भरता गाडी उभी ठेवली. घेताना छोटी नळी घ्या आणि तारीख बघा. मोठ्या नळीतलं उरलेलं पुढच्या कामापर्यंत तोंडाशी घट्ट होऊन बसतं, आणि मुदत संपलेलं सिलिकॉन वरून ठीक दिसतं पण आतून लिबलिबीतच राहतं.