गिटहब अ‍ॅक्शन्समधलं 'इफ': दिसतं साधं, चकवतं फार

गिटहब अ‍ॅक्शन्स कोडच्या टेस्ट, बिल्ड, डिप्लॉय (सर्व्हरवर चढवणं) अशी कामं आपोआप चालवतं; एका कामाला जॉब म्हणतात आणि त्यातल्या टप्प्यांना स्टेप्स. एखाददुसऱ्या स्टेपला अट घालायची असेल तर गिटहब अ‍ॅक्शन्सचं 'इफ' झकास आहे. डिप्लॉयच्या पाच स्टेप्स फक्त मेन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, चालवायच्या म्हटलं की त्याची रया जाते. जॉबमधल्या काही स्टेप्सना मिळून एकच अट लावायची सोय नाही, म्हणून तीच ओळ पाच ठिकाणी चिकटवायची. पुढे अट बदलली की चार ठिकाणी दुरुस्ती होते, पाचवी राहते.

त्यापेक्षा सुरुवातीलाच 'डिसाइड' आयडीची एक स्टेप ठेवा. ब्रँच, टॅग, इव्हेंट काय ते तिथेच तपासा आणि 'डिप्लॉय=ट्रू' किंवा 'डिप्लॉय=फॉल्स' एवढी ओळ 'गिटहब_आउटपुट'च्या फाइलमध्ये जोडा. पुढच्या स्टेप्सनी फक्त ते आउटपुट 'ट्रू'शी ताडून पाहायचं. ही तुलना मात्र गाळू नका. स्टेपचं आउटपुट कायम स्ट्रिंग असतं, आणि 'फॉल्स' ही स्ट्रिंगसुद्धा रिकामी नाही म्हणून खरीच धरली जाते!

महिरपी कंसांचाही असाच घोळ. डॉलर आणि दुहेरी कंसांत फक्त व्हेरिएबल गुंडाळलं आणि '== मेन' बाहेर राहिलं, तर सगळ्याची मिळून एक स्ट्रिंग होते; अट कायम खरी. एकतर पूर्ण अट कंसांत घ्या, नाहीतर कंसच काढा. अट उद्गारचिन्हाने सुरू होत असेल तर कंस किंवा अवतरणचिन्हं हवीतच, कारण यॅमलमध्ये (ही सगळी फाइल ज्या फॉरमॅटमध्ये लिहितात त्यात) त्या चिन्हाचा अर्थ वेगळा.

साफसफाईच्या स्टेपला लोक सर्रास 'ऑलवेज()' लावतात. अशी स्टेप रन रद्द केल्यावरही चालते. आधीची स्टेप फेल झाली तरी चालावी, पण रद्द केल्यावर नको, असं असेल तर '!कॅन्सल्ड()' लिहा. अटीत असं स्थिती तपासणारं कोणतंच फंक्शन नसेल तर 'सक्सेस()' गुपचूप जोडलं जातं, हे नवख्यांना उशिरा कळतं.

वेगळा जॉब करून त्यालाच अट लावणं दिसायला सुटसुटीत, पण नवा रनर (जॉब चालवणारं मशीन), पुन्हा चेकआउट (कोड त्यावर आणणं), बिल्डच्या फाइल्स आर्टिफॅक्टमधून, म्हणजे आधीच्या जॉबने साठवलेल्या गठ्ठ्यातून, आणणं आलंच. शिवाय अटीमुळे वगळलेला जॉब 'सक्सेस' म्हणून नोंदला जातो. अट चुकली तर टेस्ट न चालताच मर्जसाठी सक्तीचा ठेवलेला चेक पास होतो आणि मर्जचं बटण उघडतं. टेस्टच्या जॉबला म्हणूनच अट नको.

'इफ'ला पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण डीबग लॉगचा: 'अ‍ॅक्शन्स_स्टेप_डीबग' हे सीक्रेट 'ट्रू' केलं की स्टेपची अट कशी उलगडली आणि निकाल काय लागला, ते लॉगमध्ये दिसतं.