गुटी कलमाचे प्लास्टिकचे गोळे: नऊ महिने वापरल्यानंतर

सांगलीजवळच्या हरिपूरच्या घरामागं सासऱ्यांच्या हातचा पेरू होता. आतून गुलाबी, बिया भरपूर, पण पाड लागला की वास थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी परसात शिरलं. शेवगा गेला, पपया गेल्या, पेरू मात्र कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि नंतर पुन्हा फुटला. गेल्या वर्षी मागची भिंत नव्यानं बांधायचं ठरलं आणि पाया नेमका बुंध्यावरून जात होता. झाड वाचणार नव्हतं. त्याचीच रोपं करून ठेवायची, एवढंच हातात होतं.

बी लावलं तर रोप मूळ झाडासारखंच निघेल याची खात्री नाही. डोळा भरला किंवा कलम बांधलं तर वरचं झाड आपलं, पण खाली खुंट, म्हणजे मुळांकडचा भाग, दुसऱ्या झाडाचा. आमचा पेरू पुरात टिकला तो मुळांच्या जोरावर, असं मला वाटतं, म्हणून मूळही त्याचंच हवं होतं. ते गुटीत मिळतं, कारण गुटीत झाडावर असतानाच फांदीला मुळं फुटतात.

मे महिन्यात दहा गोळ्यांचा संच ऑनलाइन मागवला, साडेतीनशेच्या आसपास पडला. दोन अर्ध्या वाट्या बिजागरीनं जोडलेल्या, दोन्ही टोकांना फांदी बसायला खाच, बाजूला खटका. पाच पारदर्शक, पाच काळे. सोबतच्या कागदावरची चित्रं पाहून वाटतं, फांदीवर गोळा बसवला की झालं. तसं मुळीच नाही.

जूनमध्ये मृगाचा पाऊस लागल्यावर पहिली खेप बांधली: सहा गुट्या पेरूवर, दोन कागदी लिंबावर, दोन चिकूवर. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी घेतली आणि इंचभर रुंदीची साल गोल काढली. पावसाळ्यात साल सहज सुटते. पेरूच्या दोन गुट्या मी तेवढ्यावरच बांधल्या होत्या. मॉस (कापाभोवती गोळ्यात भरायचं, ओल धरून ठेवणारं वाळकं शेवाळ) आणायला मिरज रस्त्यावरच्या नर्सरीत गेले, तेव्हा तिथल्या माळीकाकांनी विचारलं, "वहिनी, खरवडलं का?" मी नाही म्हटलं. "मग साल परत जुळंल. लाकडावरचा बुळबुळीतपणा जाईस्तोवर चाकूनं खरवडा, बोट फिरवलं की कोरडं लागलं पाहिजे." उरलेल्या चार तशा केल्या. पंधरा दिवसांनी आधीचे दोन गोळे उघडले, तर काकांचं म्हणणं खरं निघालं. कापाच्या दोन्ही कडांतून सालीचा पूल तयार होत होता. पुन्हा खरवडून बांधल्या.

यामागचं कारण समजलं की हात आपोआप नीट चालतो. लाकडातून पाणी वर चढतच राहतं, म्हणून फांदी हिरवी राहते. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं, ते कापापाशी अडतं, आणि मुळं वरच्या कडेतून फुटतात. त्यामुळे मुळं फुटण्यासाठीची पावडर लावायची ती वरच्या कडेला. मॉस भिजवून मुठीत घट्ट पिळायचं. थेंब गळत असेल तर ते जास्त ओलं आहे.

या गोळ्याचा खरा फायदा म्हणजे तो उघडून बघता येतो. प्लास्टिकचा कागद एकदा बांधला की सोडायला जीव होत नाही. इथं खटका काढायचा, बघायचं, लावायचं. पस्तिसाव्या दिवशी पेरूचा एक काळा गोळा उघडला, तर मॉसमधून पांढरीशुभ्र मुळं बाहेर आली होती, शेवयांसारखी. लगेच कापायचा मोह होतो, पण ही कोवळी मुळं कुंडीत भरताना मोडतात. मी ती तपकिरी व्हायला लागेपर्यंत थांबले, मग गुटीखाली अर्धी खाच मारली आणि आठ दिवसांनी फांदी पूर्ण कापली. पारदर्शक गोळ्यांत मात्र हिरवं शेवाळ धरलं आणि मुळं उशिरा आली. त्यांना वर्तमानपत्र गुंडाळावं लागलं. विकत घ्यायचे तर काळेच घ्या.

पेरूच्या सहापैकी पाच धरल्या. लिंबाची एक धरली, तिलाही दोन महिने लागले. चिकूच्या दोन्ही फुकट गेल्या. कापावर नुसती गाठ आली, मूळ एकही नाही. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात ते उगीच नाही.

दुसरी खेप ऑक्टोबरमध्ये केली आणि इथं गोळ्यांनी दगा दिला. पाऊस संपल्यावर सांगलीचं ऊन कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. दोन वाट्यांच्या फटीतून हवा जाते आणि आठवड्यात मॉस खडखडीत कोरडं. सिरिंजनं दर चौथ्या दिवशी पाणी सोडलं, तरी दहापैकी तीनच धरल्या. एका गोळ्यात काळ्या मुंग्यांनी घर केलं होतं. ही खेप बांधली त्याच दिवशी सासूबाईंनी शेजारच्या फांदीवर दुधाच्या पिशवीचा तुकडा आणि सुतळी वापरून एक गुटी बांधली होती. "अगं, हवाच जाऊ द्यायची नाही बघ," एवढंच म्हणाल्या. महिन्यानंतरही तिच्यातलं मॉस ओलं होतं आणि ती धरली. तेव्हा पावसाळ्यात गोळा, पाऊस सरल्यावर पिशवी. कोरड्या दिवसांत गोळाच वापरायचा असेल, तर बाहेरून पातळ प्लास्टिक घट्ट गुंडाळा.

टिकाऊपणाही बेताचा. दोन खेपांत तीन खटके तुटले, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधून काम भागवलं. उन्हात राहिलेलं प्लास्टिक कडक होऊन बिजागरीपाशी तडकतं. काम झालं की धुऊन सावलीत ठेवा.

कुंडीत लावल्यावरची चूक माझी होती, गोळ्याची नाही. पहिली दोन रोपं सगळ्या पानांसकट लावून गच्चीवर उन्हात ठेवली आणि आठ दिवसांत वाळली. मूठभर मुळं तेवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. त्यानंतर निम्मी पानं काढून टाकली, पोयटा आणि शेणखताच्या मिश्रणात लावलं आणि तीन आठवडे जिन्याखाली सावलीत ठेवलं. त्यानंतर एकही रोप गेलं नाही.

जानेवारीत मूळ झाड पडलं. आज पेरूची सात रोपं आहेत. दोन हरिपूरला नव्या भिंतीपासून दहा फुटांवर लावलीत. गुटीच्या रोपाला सोटमूळ नसतं, म्हणून दोन्हींना बांबूचा आधार दिलाय. एक विश्रामबागेत नणंदेकडे गेलं, चार अजून पिशवीत आहेत. हरिपूरच्या एकाला आत्ताच कळ्या आल्यात. रोप लहान आहे, त्या खुडायला हव्यात. मी गेले तेव्हा सासूबाई आधीच झाडापाशी बसून एकेक कळी नखानं काढत होत्या.