दौलतगंजमधलं बॅटरीचं दुकान: आधी मोजतात, मग बोलतात

ग्वाल्हेरचा मे आणि इन्व्हर्टरचा बॅकअप निम्म्यावर. घराजवळच्या एका मेकॅनिकने झाकणंसुद्धा न उघडता निकाल दिला, "बॅटरी गई, आंटीजी, नई ले लो." मी जन्मभर अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली. पेपर न वाचता मार्क देणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

मग भावजींनी लश्करात दौलतगंजच्या गल्लीतलं हे दुकान सुचवलं. तिथला मुलगा हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी) घेऊनच आला, पण लगेच मोजायला बसला नाही. पाणी इतकं खाली गेलं होतं की प्लेटा उघड्या पडल्या होत्या. म्हणाला, आधी पाणी, मग रातभर चार्जिंग, माप उद्या. अगदी बरोबर! पाणी आटलं की उरलेलं अ‍ॅसिड घट्ट होतं आणि घनता खोटीच चांगली दिसते.

भावजींचा आग्रह, "थोडं अ‍ॅसिडही घाल रे." त्याने साफ नकार दिला. उडतं ते फक्त पाणी, काही वाफेने, काही चार्जिंगमध्ये हायड्रोजन-ऑक्सिजन होऊन. सल्फ्युरिक अ‍ॅसिड आतच राहतं. बॅटरी उतरली की त्यातलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं, चार्ज केली की परत येतं. वरून अ‍ॅसिड ओतलं तर प्लेटाच खराब.

मी आरओचं पाणी पुढे केलं तर त्याने टीडीएस मीटर बुडवून दाखवला: ६०च्या वर. त्याच्या कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर २. हा मीटर खरं तर पाण्यातून वीज किती जाते तेच बघतो, म्हणजे क्षारांचे आयन. क्लोराइड, लोह आत गेलं की बॅटरीचं आयुष्य घटतं.

टर्मिनलवरचा पांढरा-निळा थर त्याने खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने काढला, तोही सगळी झाकणं घट्ट लावून, कारण सोडा आत गेला तर तिथलंही अ‍ॅसिड मारतो. फेस थांबेपर्यंत घासलं, मग साधं पाणी, शेवटी व्हॅसलिन. कॉस्टिक सोड्यानेही उदासिनीकरण होतंच, पण जास्त पडला तर तोच कातडी जाळतो. खाण्याचा सोडा उरला तर पुसून टाकायचा.

दुसऱ्या दिवशी सहाही कप्प्यांची घनता १.२३०च्या आसपास. बॅटरी ठणठणीत!

एक तारा कापतेय. अ‍ॅसिडचं काम करताना मुलाच्या डोळ्यांना संरक्षक चष्मा नाही, हे अक्षम्य. शिवाय तापमानाची दुरुस्ती वहीत नाही: २७ अंशांच्या वर दर अंशाला ०.०००७ मिळवायचे असतात, म्हणजे ४२ अंशांच्या अ‍ॅसिडला १.२३० हे खरं तर १.२४० झालं. हे सांगितलं तर गालात हसला आणि लिहून घेतलं.

पैसे पाण्याचे आणि फेरीचे तेवढेच घेतले. चारचाकी गल्लीत नेऊ नका, फोन करून घरीच बोलवा.


४/५