स्विस मशीन, परकी केस: चौकशी कुठून सुरू करावी?

डायलवर लाँजिन्स या स्विस कंपनीचं नाव, मशीनवरही तेच, आणि मागचं झाकण उघडलं तर केसवर (घड्याळाच्या बाहेरच्या कवचावर) आतून कंपनीचं नावच नाही. असं घड्याळ बघताक्षणी ‘डुप्लिकेट’ म्हणून परत करणारे पुण्यात पुष्कळ भेटतील. एवढ्यावर विश्वास ठेवू नका. तयार घड्याळावर जकात जास्त, म्हणून स्विस कंपन्या बऱ्याच देशांत नुसती मशीनं धाडत आणि केस तिथेच बनत. ओमेगासाठी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डेनिसन कंपनीनं केस केल्या. अमेरिकेतही तीच रीत.

आता मूळ शोधायचं तर एक वाट कंपनीच्या दफ्तराची, दुसरी केसची.

दफ्तर म्हटलं की लाँजिन्ससारखं दुसरं नाही. मशीनवरचा क्रमांक कळवला की तो माल कधी आणि कोणत्या एजंटला गेला, हे जुन्या नोंदवह्यांतून सांगतात. पण ती कुंडली मशीनची. बाहेर बनलेल्या केसबद्दल तिथे फारसं काही मिळणार नाही. आणि मशीन एखाद्या बंद पडलेल्या कंपनीचं असेल तर लिहायचं कोणाला? सत्तरच्या दशकात बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत अशा कितीतरी बुडाल्या.

म्हणून मी केसपासून सुरुवात करा म्हणेन. लक्ष्मी रोडच्या आसपास एखादा जुना घड्याळजी गाठा आणि झाकण समोर बसून उघडून घ्या. ‘पॉलिश करून देऊ का?’ असं विचारलं तर ठाम नाही म्हणा. पुसट शिक्के पॉलिशमध्ये कायमचे जातात. सोन्याच्या केसवर जहाजाच्या नांगराचा शिक्का दिसला तर तिचं सोनं बर्मिंगहॅमला तपासलेलं, आणि शेजारच्या अक्षरावरून साल निघतं. ते साल मशीनच्या सालाशी ताडून पाहा. एक-दोन वर्षांचा फरक चालतो, पंधरा वर्षांचा नाही. लाँजिन्सच्या मशीनमध्ये बॅलन्सच्या (मागे-पुढे डोलणाऱ्या चाकाच्या) पुलावर, म्हणजे त्याला धरणाऱ्या पट्टीवर, एलएक्सडब्ल्यू (LXW) ही अक्षरं असतील तर मशीन अमेरिकेसाठी निघालेलं होतं. केस इथल्या सोनाराची असेल तर सरकारी हॉलमार्क शोधू नका, आपल्याकडे तो सोन्याला 2000 साली आला. हॉलमार्किंग सेंटरवाले कॅरट सांगतील, वय नाही.

सगळ्यात बोलकी जागा म्हणजे केसची आतली कड. मशीन धरणाऱ्या स्क्रूंच्या खुणांचा एकच संच असेल तर केस-मशीनची जोडी बहुधा जुनी. दोन संच असतील तर त्या केसमध्ये आधी दुसरं मशीन नांदत होतं. मग दफ्तराला कितीही पत्रं लिहा, ही जोडी कधी जमली ते कळायचं नाही.

घरचं घड्याळ असेल तर केस वाचून झाल्यावर दफ्तरालाही लिहाच. जुन्या बाजारातून घेणार असाल तर विक्रेत्याची गोष्ट हिशेबात धरू नका. खुणांचे दोन संच आणि वर नव्यानं चकचकीत रंगवलेली ‘मुंबई स्पेशल’ डायल दिसली, तर घासाघीस न करता पुढच्या पथारीकडे वळा.