फायबर लेझर सांगून डायोड गळ्यात मारला, नागपूरवाले नावं टाकणारे भाऊ वाचून घ्या

इतवारीत आपलं नावं टाकायचं काम आहे. आहेराची भांडी, देव्हाऱ्याची ताटं, पितळी पाट्या, शाळांच्या ट्रॉफीच्या प्लेटा. भांड्यावर हातातल्या मशीनने आणि पाटी खोल पायजे असली तर फेरिक क्लोराइडमध्ये टाकून. लग्नसराईत हाताला मुंग्या येतात आणि गिऱ्हाईकही आता "भाऊ, फोटो टाकून द्या ना" म्हणून राहिलं, म्हणून लेझर घ्यायचं मनात होतं. फायबर म्हणजे कोऱ्या धातूवर उमटणारा लेझर, आणि डायोड म्हणजे निळ्या उजेडाचा हलका, लाकडावर नाहीतर रंगाच्या थरावर चालणारा. हे लिहून राहिलो कारण आमच्या लाइनमधल्या अजून दोघांना त्याच माणसाचा व्हिडिओ आला आहे.

व्हिडिओत होतं, २० वॅट फायबर लेझर, सव्वा लाख, डेमो नागपुरातच. दुसरीकडचं कोटेशन याच्या बरंच वर होतं. फोन केला तर माणूस एकदम गोड, काका-काका करणारा, वाडीकडे एका गोडाऊनमध्ये बोलावलं.

आता डेमो नीट वाचा, सगळी चलाखी तिथंच आहे. मशीन बंद डब्यासारखी, वर नारिंगी झाकण. पठ्ठ्याने आधी मला नारिंगी चष्मा दिला, "काका डोळ्यांची सेफ्टी." मग काळं मेटल कार्ड ठेवलं, त्यावर माझंच नाव पांढरंशुभ्र उमटलं, मग रंगीत पाण्याच्या बाटलीवर गणपती काढून दाखवला. कोणीही खुश होईल. पण ते कार्ड म्हणजे ॲनोडाइज केलेलं, वर रंगीत थर चढवलेलं ॲल्युमिनियम, त्याच्यावर कोणताही हलका लेझर उमटतो, आणि बाटलीवर फक्त पावडर कोटिंग जळते, खालच्या स्टीलला काही होत नाही. आणि चष्मा? फायबरची किरण १०६४ नॅनोमीटरची, डोळ्याला दिसतच नाही, जो लाल ठिपका दिसतो तो नुसता जागा दाखवायला. डायोडचा उजेड ४५० च्या आसपास, चांगला निळा दिसतो, आणि नारिंगी चष्मा नेमका निळाच अडवतो! म्हणजे सेफ्टीही झाली आणि झाकपाकही झाली, डोकं मानलं बुवा.

मी खिशातून पितळेची पट्टी काढली तर म्हणे, "काका पितळेची लेन्स वेगळी लागते, ती डिलिव्हरीसोबत येईल." असं काही नसतं. लेन्सने कामाचा एरिया बदलतो, ११० मिलिमीटरचा का १७५ चा, बाकी त्याच फायबरवर पितळ, स्टील, ॲल्युमिनियम सगळं चालतं.

नंतरचं नेहमीचंच. बिल नको असेल तर १८ टक्के जीएसटी वाचेल, अर्धे पैसे आत्ता ट्रान्सफर करा, उरलेले ट्रान्सपोर्टवर कॅश, आणि पैसे दिल्याशिवाय खोका उघडू देणार नाही. पैसे गेले, खोका दुकानात आला, पितळेवर चालवलं तर डागसुद्धा नाही. तांब्यावर नाही. स्टीलवर तिरपं धरलं तर दिसेल न दिसेल अशी रेघ. मागचं पत्र्याचं झाकण खोललं तर आत पंखा लावलेलं डायोडचं काळं मॉड्युल. खऱ्या फायबरमध्ये सोर्सचा, म्हणजे किरण तयार करणारा, वेगळा डबा असतो, त्याच्यावर कंपनीचं नाव आणि सिरियल नंबर, आणि त्यातून जाडजूड केबल हेडपर्यंत जाते. इथं केबलच नाही. आणि ते "२० वॅट" म्हणजे मॉड्युल वीज किती खातं तो आकडा, किरणीत बाहेर किती येतं ते वेगळंच, ते फार कमी असतं.

बरं, सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसचा लेझर घेऊन दिला असता तरी तेच झालं असतं, त्याची किरण १०.६ मायक्रॉनची, कोऱ्या धातूवर स्प्रे मारल्याशिवाय काही उमटत नाही. त्या नावाने पण विकून राहिले आहेत लोक.

फोन आधी "इंजिनिअर पाठवतो", मग बंद. व्हॉट्सॲपवर जे कोटेशन पाठवलं होतं त्यावरचा जीएसटी नंबर मग पाहिला, सुरुवात ०७ ने. महाराष्ट्राचा २७ असतो, ०७ दिल्लीचा. पोर्टलवर तो नंबर टाकला तर नावही भलतंच निघालं.

ट्रान्सफर केलेल्या पैशासाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तिथून तक्रार नंबर मिळाला, पण तोवर खात्यातून रक्कम निघून गेली होती. हा फोन जितका लवकर तितकं बरं, खातं गोठवायचं असतं ना. कॅशचा तर पुरावाच नाही. एका जणाने सांगितलं की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही, ते अर्धवट आहे. २०१९ च्या कायद्यात पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली मशीन धरतात, म्हणजे एकट्याने दुकान चालवणारा ग्राहकच. ५ लाखांपर्यंत जिल्हा ग्राहक आयोगात फी पण नाही, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं. माझी अडचण वेगळी आहे, समोरच्याचा पत्ताच खोटा, तर नोटीस कुठं पाठवायची? वकील म्हणून राहिले की आधी पोलिसांकडून खातेदाराचं नाव काढू.

मशीन पडलेली नाही म्हणा, पोरगा तिच्यावर लाकडी कीचेन करतो.

तर कोणी डेमोला जाऊन राहिलं असेल तर आपल्या दुकानातली घासलेली कोरी पितळ न्या, चष्मा घालायच्या आधीच, मशीन बंद असताना, मागचं झाकण उघडून केबल आणि सोर्सचा डबा दाखवायला सांगा, मशीन चालू असताना मात्र चष्मा काढू नका, डोळे जातील. तो व्हिडिओ आता दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या नंबरवरून फिरून राहिला आहे, भाव १ लाख १० हजार केला आहे, कार्ड तेच काळं.