तिवोलीचा धबधबा की बुशेची पाणचक्की? अभ्यासप्रतीसाठी कोणतं चित्र घ्यावं

रोकोको काळातलं (18 व्या शतकातली नाजूक, सजावटी फ्रेंच शैली) पडतं पाणी जुन्या चित्राची प्रत करून तैलरंगात शिकायचं, तर दोन चित्रं विचारात घ्यावीत. एक, फ्रेंच चित्रकार फ्रागोनारचं, रोमजवळच्या तिवोली गावातलं 'तिवोलीचा मोठा धबधबा' (1760 च्या सुमारास, लूव्र, पॅरिस). दुसरं, त्याचा गुरू बुशे याचं 1755 मधलं पाणचक्कीचं निसर्गचित्र (नॅशनल गॅलरी, लंडन). पहिलं उभं, साधारण 73 बाय 60 सेंमी. दुसरं आडवं, 57 बाय 73. म्हणजे 24 बाय 30 इंची कॅनव्हास दोन्हींना पुरतो.

पाण्यासाठी आम्ही फ्रागोनारच सुचवू. त्याचा धबधबा पुलाच्या कमानीतून दिसतो. कमान गडद, पलीकडे उजेड; चित्राचा सगळा डोलारा या विरोधावर उभा आहे. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासभर लावा आणि वाळू द्या. मग कमान आणि खडक पातळ तपकिरी रंगात बसवून घ्या. पाण्याला हात लावायचा तो हे पूर्ण वाळल्यावरच. ओल्या तपकिरीवर पांढरा ओढला की पाणी गढूळ होतं, आणि बहुतेक प्रती इथेच फसतात. दुसरी चूक म्हणजे पाणी निळं रंगवणं. आधी करडा-पिवळसर मधला टोन लावा. जाड पांढरा फक्त फेस उसळतो तिथे, भरलेल्या कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्यात. तो पुन्हा चोपडलात तर जोर गेला. त्या काळचा पांढरा शिशाचा, म्हणून विषारी. त्याऐवजी टायटॅनियमचा पांढरा वापरा, पण हात आखडता ठेवा. तो मिश्रणात फार चढतो आणि पाणी खडूसारखं दिसू लागतं. नुसता झिंक व्हाइट (जस्ताचा पांढरा) नको, त्याचा थर पुढे तडकतो.

आजच्या तिवोलीचे फोटो समोर ठेवू नका. 1826 च्या पुरानंतर डोंगरातून बोगदे खोदून तिथली आनिएने नदी वळवली. मोठा धबधबा आता दुसऱ्याच जागी कोसळतो. फ्रागोनारने पाहिलेलं दृश्य चित्रांतच उरलंय.

बुशेकडे पाणी दुय्यम. त्याच्याकडून शिकायची ती झाडी: निळसर हिरव्या छटा, पिसासारखी मऊ पानं, लांबच्या झाडांचं विरत जाणं. इथे प्रशियन ब्लू (गडद, तीव्र निळा) लागेल, पण कुंचल्याच्या टोकावर येईल एवढाच. जास्त झाला की अख्खा हिरवा गिळून टाकतो. रेखाटन मात्र आधी पक्कं हवं, कारण छप्पर, चाक, माणसं असे बारीक तपशील भरपूर आहेत. वेळही दुप्पट धरा.

रेखाटनात हात बसलेला नसेल, तर फ्रागोनार जास्त सांभाळून घेतो: खडकाची कड थोडी चुकली तरी चालते, छायाप्रकाश मात्र चुकून चालत नाही. बैठकीच्या खोलीत लावायला शांत चित्र हवं असेल, तर बुशे घ्या.