मुक्काम ठाण्यात करू की नवी मुंबईत?

मे महिना लागला की गावाकडून फोन सुरू होतात. "तीन-चार दिवस येतोय, मुंबईतली हॉटेलं परवडत नाहीत. ठाण्यात खोली बघू की नवी मुंबईत?" मी जन्माने ठाणेकर आणि नोकरीची सगळी वर्षं बेलापुरात काढलेला, त्यामुळे दोन्हीकडचं मीठ खाल्लंय. माझा उलटा प्रश्न एकच असतो: गाडी घेऊन येताय की रेल्वेने?

रेल्वेने येत असाल तर डोळे झाकून ठाणे. स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की खाण्यासाठी रिक्षाच लागत नाही. कुंजविहारचा वडापाव आकाराने दांडगा, एकात माणूस गार. मामलेदार कचेरीला लागून असलेली, म्हणून मामलेदार मिसळ. नवख्याने तिथे शौर्य दाखवू नये, 'मध्यम' सांगावी. माझ्या सोलापूरच्या मेहुण्याने "आम्ही शेंगाचटणीवर वाढलोय" म्हणत तिखट मागवली. दुसऱ्या घासाला कपाळ घामाने डबडबलं, तिसऱ्याला ताक आलं. मग बराच वेळ तो कोरडा पाव चावत, बशीतल्या लाल तर्रीकडे नुसता बघत बसला होता. संध्याकाळी तलावपाळीवर चक्कर, कोपिनेश्वराचं दर्शन, जमलंच तर गडकरी रंगायतनला नाटक. सगळं चालत.

नवी मुंबईत असं चालत चालत खाणं होत नाही. सिडकोने वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर असे सुटे सुटे नोड वसवले, त्यामुळे प्रत्येक स्टेशनाभोवती वेगळंच गाव. वाशीत मॉलमधलं जेवण भरपूर आहे, पण त्यासाठी इतक्या लांब कशाला यायचं? इथे खावं ते आगरी-कोळ्यांचं. मूळ गावठाणांतल्या एखाद्या घरगुती खानावळीत तांदळाची मऊ भाकरी आणि खेकड्याचा रस्सा मागवा. नांगी आधीच वरवंट्याने ठेचलेली असते, तरी दात लावावाच लागतो आणि रस कोपरापर्यंत ओघळतो. पांढरा शर्ट घालून जाऊ नका. थंडीत आलात आणि पनवेल-उरणकडे कुणी ओळखीचं असेल तर पोपटीचं आमंत्रण उकळा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून ते शेतातल्या जाळात भाजायचं, ती पोपटी. हा प्रकार हॉटेलात मिळाला तरी शेतातल्या जाळाची चव येत नाही.

'बसायची' सोय दोन्हीकडे आहे, त्यावर मुक्काम ठरवू नका. मुक्काम ठरवावा तो सहलींवर. नकाशात माथेरान पनवेलच्या डोक्यावर दिसतं, आणि लोक तिथेच फसतात. लोकल जाते माथेरानच्या पायथ्याच्या नेरळला, ती ठाण्याहून कर्जत-खोपोलीच्या मार्गावर. याच मार्गावर अंबरनाथ. तिथलं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, 1060 सालचं. सकाळी लवकर निघून बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम निवांत बघा. येऊरचं जंगल तर ठाणे शहराला चिकटूनच आहे.

गाडी असेल तर मात्र पारडं फिरतं. ठाण्यात गाडी लावायला जागा शोधताना आणि घोडबंदर रोडवर उभं राहताना सुट्टीचा अर्धा दिवस जातो. खारघर-पनवेलहून तेच कोकणचं दार उघडं. कर्नाळा अभयारण्य पनवेलपासून साधारण 12 किलोमीटर. अंगठ्यासारखा सुळका गोवा हायवेवरूनच दिसतो. पुढे पेणला पोह्याचे पापड घ्या आणि अलिबाग गाठा. फक्त रविवारी संध्याकाळी परतू नका, वडखळला अडकाल. खारघरच्या पांडवकडा धबधब्याचं सांगून पावसात पोरांना नादी लावू नका, तिथे पावसाळ्यात बहुतेकदा बंदीच असते. गाडीविना समुद्रच बघायचा असेल तर 2024 पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, तिथून पीरवाडीचा किनारा रिक्षाने.

फ्लेमिंगो बघायला ठाणे की नवी मुंबई असं भांडायची गरज नाही, ऐरोली दोन्हीकडून जवळ. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोट जाते, ती भरतीच्या वेळेवर. आधी विचारून जा. हिवाळा ते मे हा हंगाम.

आणि चुकीच्या गावात खोली घेतलीच, तरी ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून वाशी अर्ध्या तासावर आहे.

मेहुणा यंदा गाडी घेऊन येतोय. खोली खारघरला बघ म्हणाला, पण पहिली सकाळ ठाण्यात. मिसळीचा हिशेब बाकी आहे म्हणे.